आक्काच्या तोंडात बसलेलं नाव

माझ्या मुलीचं नाव मी स्वतः शोधून काढलं आणि तेव्हापासून मी दमलेलो आहे.

मुलीनं दमवलं असं नाही. ती वेळेवर झोपते, वेळेवर उठते, भाजीतला कढीपत्ता तेवढा बाजूला काढते. दमवतं ते तिचं नाव. दवाखान्यात गेलो की काउंटरवरची बाई विचारते, "पेशंटचं नाव?" मी सांगतो. ती म्हणते, "काय?" मी परत सांगतो. ती म्हणते, "हां, श्रद्धा." मी म्हणतो, "नाही." (श्रद्धा चांगलंच नाव आहे, पण ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी.) मग मागच्या रांगेतले लोकही मदतीला येतात. एकजण म्हणतो साधना, एकजण म्हणतो शारदा. पोरगी तापानं फणफणलेली असते आणि आम्ही तिथं नावाचा लिलाव मांडून बसलेलो!

स्रग्धरा. म्हणून बघा. घाई नाही, मी थांबतो.

आमच्या घरात नावं ठेवायची पद्धत फार सोपी होती. पोर झालं की गेलेल्या माणसांपैकी कुणाची आठवण येते ते बघायचं आणि तेच नाव द्यायचं. नवीन नाव काढायची गरज कुणाला पडली नाही. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मराठी घेऊन बी.ए. झालो. (हे मी सहसा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात सांगतो, आज उशीर झाला.) कॉलेजात सरांनी आम्हाला कवितेची वृत्तं शिकवली होती: वसंततिलका, मंदाक्रांता, स्रग्धरा. बाकी सगळं परीक्षेच्या हॉलबाहेर पडताना सांडलं, हे एक नाव मात्र डोक्यात चिकटून राहिलं. तेव्हाच ठरवलं होतं, मुलगी झाली तर स्रग्धरा. जगात एकच असली पाहिजे. निदान नाशिक जिल्ह्यात तरी.

मुलगी झाली. मी बायकोला, म्हणजे प्रतिभाला, नाव सांगितलं.

"अर्थ काय?" तिनं विचारलं.

"माळ धारण करणारी."

"मग माला ठेवा की!"

"माला गल्लोगल्ली आहेत."

"अहो, पण म्हणता तरी आलं पाहिजे ना! तुम्ही ऑफिसात असताना मी पोरीला हाक कशी मारू?"

"सवय होईल," मी म्हणालो. "आणि बारशापर्यंत कुणाला सांगू नकोस. नावं चोरीला जातात."

ही भीती खोटी नव्हती. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत एका बाईनं आपल्या होणाऱ्या बाळासाठी छान नाव ठरवलं, आनंदाच्या भरात शेजारणीला सांगितलं, आणि शेजारीण आधी बाळंत झाली! दोघींचं अजून बोलणं नाही. म्हणून मी ऑफिसात विचारणाऱ्यांनाही नुसतं हसून दाखवत होतो. प्रतिभा म्हणायची, "नाव आहे का बोर्डाचा पेपर?"

आता नाव ठरलं, पण ते घ्यायचं कुणी? आमच्याकडे नाव आत्या ठेवते. तिनं पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं, मोठ्यानं 'कुर्रर्र' करायचं आणि जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीवर धपाधप धपाटे घालायचे. हा मार म्हणजे आत्याचा मान. आणि माझ्या मुलीची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का.

आक्का सिन्नरला असते. घरातच शिवणकाम करते. त्यातही बाळांची झबली-टोपरी म्हणजे तिचा हातखंडा. तालुक्यात कुणाच्याही घरी पाळणा हलायची चिन्हं दिसली की आधी डॉक्टर आणि मग आक्का. मी कॉलेजात जे शर्ट घालून मिरवलो ते सगळे तिच्या मशीनवरचे. पण तिची शाळा सातवीत सुटलेली. माझ्या डोक्यात आलं, हिच्या तोंडून स्रग्धरा बाहेर पडताना त्या नावाचे हात-पाय जागेवर राहतील का? भर हॉलमध्ये, ऑफिसच्या लोकांसमोर, माझ्या एकुलत्या एका संशोधनाचं मातेरं व्हायचं! म्हणून मी एक शहाणपणा केला. प्रतिभाची मावसबहीण मीनल कार्यक्रमांचं निवेदन करते. नाव तिनं घ्यावं असं ठरवून टाकलं.

बातमी सिन्नरला माझ्याआधी पोचली. आक्काचा फोन आला.

"भाऊ, पाळण्यापाशी कोण उभं राहणार म्हणं?"

"तूच, आक्का! फक्त नाव तेवढं मीनल घेईल. तिचे उच्चार फार स्वच्छ..."

"ती कोण?"

"प्रतिभाची मावसबहीण."

"म्हंजी पोरीची मावशी. मावशीनं नाव ठेवायचं आन आत्यानं काय करायचं? पत्रावळ्या उचलायच्या?"

"तसं नाही गं, नाव जरा अवघड आहे."

"मंग सोपं ठेव."

"सोपं कसं ठेवू?"

"तुझं कसं ठेवलं व्हतं? तू काय मेला का त्यानं?"

फोन बंद झाला. मागोमाग आमच्या घरातलं वातावरणही बंद झालं. आई शेजारच्या खोलीतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून आत घेऊन गेली. (अर्धा चहा होता!) आतूनच म्हणाली, "आत्याबिगर बारसं? कर. पाळणा बी तूच हालीव, नाव बी तूच घे आन मार बी तूच खा. माझी लेक येणार नसंल तर मी बी त्या हालात पाय ठेवणार नाय."

प्रतिभा म्हणाली, "मी तर पहिल्यापासूनच माला म्हणत होते."

शेवटी शरण जायला मी सिन्नरला गेलो. आक्का मशीनवर होती. तिनं वर पाहिलं नाही. दाजींनी मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः बाहेर निघून गेले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आक्का, नाव तूच घे," मी म्हणालो.

"उपकार नको."

"उपकार नाही. मान तुझाच आहे."

मशीन थांबलं. "काय नाव हाय ते सांग. मला आलं तर म्हणंन. नाय आलं तर मी हून मागं सरकंन, तुझ्या त्या मावशीला म्हणू दे. पण आधीच ठरवायचं नाय, की आक्काला येणार नाय म्हणून."

मी नाव सांगितलं. आक्कानं ते उचलून बघितलं, जसं एखादं अवजड पोतं उचलून बघावं, आणि खाली ठेवलं.

"हे पोरीचं नाव हाय?"

"वृत्ताचं आहे."

"कसलं व्रत?"

"ते जाऊ दे. तू फक्त म्हणत राहा. उठता-बसता म्हण. तोंडात बसेपर्यंत सोडू नकोस."

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा माझ्या जिभेला काही झालं असतं तर बरं झालं असतं.

बारसं सव्वा महिन्यानं होतं. आक्का रोज फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मागं मशीन खडखडत असायचं. सुरुवातीला नाव निम्मं यायचं आणि निम्मं मशीनमध्ये अडकायचं. मग ती पायाच्या ठेक्यावर म्हणायला लागली: एक दाब 'स्रग्', दुसरा दाब 'धरा'. हळूहळू नाव उलगडायला लागलं. कधीकधी मागून बायकांचे आवाजही यायचे: "आक्का, आता बराबर आलं बगा!" मला वाटायचं, टीव्ही चालू असेल. माणूस शिकला की त्याला असं बरंच काही वाटतं.

बारशाच्या दिवशी कॉलनीचा हॉल मी झेंडूनं मढवला. ऑफिसचे साहेब आले. मीनल आली, पण प्रेक्षक म्हणून. तिचं तोंड जरा लहान झालं होतं. आणि मग हॉलसमोर सिन्नरची एक जीप येऊन थांबली. आक्का उतरली. तिच्यामागून एक बाई उतरली. मग आणखी एक. जीपला तळच नव्हता जणू!

"आक्का, या कोण?"

"माझ्या गिऱ्हाइकणी. सव्वा महिना माझ्यासंगं राबल्यात, त्यास्नी पेढा नको?"

त्यातल्या एकीच्या कडेवर तान्हं बाळ होतं. अंगात झबलं होतं, थेट आमच्या मुलीच्या झबल्यासारखं, गळ्याशी तीच गुलाबी किनार. मी यजमानाच्या सुरात विचारलं, "काय गोड आहे! नाव काय हिचं?"

"स्रग्धरा," ती बाई म्हणाली. घंटेसारखं! एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"नाही हो," मी हसून म्हणालो, "ते आमच्या मुलीचं. तुमच्या मुलीचं काय?"

"तेच की. परवाच्या दिशी बारसं झालं."

मी झेंडूच्या खांबाला धरलं.

दुसरी बाई पुढं झाली. "माझ्या नंदंच्या पोरीचं बी तेच ठेवलं. लय आवडलं समद्यांस्नी."

"आमच्या शेजारणीच्या नातीचं बी."

"माझ्या सुनंला सातवा हाय. पोरगी झाली तर हेच, आन पोरगा झाला तर दादांनी दुसरं काढून द्यावं." (दादा म्हणजे मी.)

"पण तुम्हाला अर्थ तरी माहीत आहे का त्याचा?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण जरा वरच्या पट्टीतला.

"अर्थ कशाला?" पहिली म्हणाली. "आक्का म्हणल्या, माझा भाऊ ग्रॅज्युएट हाय, त्यानं काढलंय. मंग चांगलंच असणार की!"

छाती फुगावी की बसावी, ते छातीलाच कळेना. मी आक्काला शोधत पाळण्याकडे धावलो. तोवर बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून आत ठेवलं होतं आणि आक्का पदर खोचून पाळण्याला टेकली होती.

"आक्का! तू नाव सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगितलं कुठं? मी नुसतं म्हणत व्हते."

"अख्ख्या सिन्नरसमोर?"

"मंग कुणाम्होरं म्हणू, मशीनम्होरं? तूच म्हणला, उठता-बसता म्हण. माझं उठणं-बसणं गिऱ्हाइकातच हाय."

भटजी म्हणाले, "चला, वेळ होतोय." आक्का पाळण्यावर वाकली. मागं बायकांनी हात सरसावले. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच विचार होता: अजून नाव कानात गेलेलं नाही, अजून बदलता येईल! मी बायकांच्या गर्दीतून वाट काढली आणि आक्का अन् पाळणा यांच्यामध्ये आडवा घुसलो.

"आक्का, थांब! नाव बदलायचं!"

"आं?"

"वसंततिलका! वसंततिलका म्हण!"

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं पहिलीतलं वर्ष आठवलं. "आता त्येच्यासाठी परत सव्वा महिना घोकू का? सरक!"

"नाही सरकणार!"

"भाऊ, सरक म्हणते ना!"

आणि तिनं तोंड पाळण्याकडे नेऊन 'कुर्रर्र' केलं.

सिन्नरच्या बायका तयारीच्या. त्यांनी कुणाची पाठ आहे हे पाहिलं नाही. वाकलेली पाठ दिसली, एवढं त्यांना पुरे होतं. पहिला धपाटा बसला तेव्हा मला वाटलं, हॉलचं छत आलं. मग बाकीचे आले. भाकऱ्या थापणारे हात ते! मी ओरडत होतो, "अहो, मी! मी!" आणि त्यांना वाटत होतं आत्याला जोर चढलाय. ऑफिसचे साहेब टाळ्या वाजवत होते. व्हिडिओवाल्यानं हा सगळा भाग जवळून घेतला. आमच्याकडे पाहुणे आले की प्रतिभा आजही तेवढाच दाखवते.

मार थांबला. मी पाळण्याची दोरी धरून उभा राहिलो. बाळ शांतपणे माझ्याकडे बघत होतं.

तेवढ्यात आईचा आवाज आला. "थांबा! पोरीच्या कानात गेलं काय?"

प्रश्न रास्त होता. आक्काच्या तोंडातून नाव निघालंच नव्हतं. मी मध्ये असल्यानं फक्त कुर्रर्र झालं होतं. आणि पाळण्याच्या सगळ्यात जवळ तोंड माझं होतं.

"ह्यो काय म्हणत व्हता ते ऐकलं मी," आई म्हणाली. "'मी, मी' म्हणत व्हता. आता पोरीचं नाव 'मीमी' ठेवायचं का?"

"चांगलं आहे की," प्रतिभा म्हणाली. "म्हणायला सोपं."

वाद पेटला. कुणी म्हणे झालं ते झालं, कुणी म्हणे पुन्हा करा. भटजींनी घड्याळ पाहून सांगितलं की शास्त्रात दोन्ही चालतं. मी तोंड उघडलं, पण पाठीतून अशी कळ गेली की ते मिटलं. मला खुर्चीवर बसवण्यात आलं. तिथून मी आक्काकडे पाहिलं.

ती पाळण्यापाशी एकटीच उभी होती. खोचलेला पदर ती पुन्हा पुन्हा खोचत होती. सव्वा महिना म्हटलेलं नाव आता भर हॉलमध्ये म्हणायचं होतं, साहेबांसमोर, मीनलसमोर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, कोणतं म्हणू? तू सांगशील ते म्हणते. पण ते दुसरं मला येणार नाय."

हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मला माझं जिल्ह्यातलं एकमेव नाव दिसत होतं, आणि त्याच्यामागं रांगेनं गुलाबी किनारीची झबली. पण पाळण्यापाशी जी उभी होती तिला एवढं एकच नाव येत होतं, आणि ते तिनं माझ्यासाठी शिकलं होतं.

"तुझंच म्हण," मी म्हणालो.

आक्का वाकली. तिचा उजवा पाय जमिनीवर मशीनच्या ठेक्यानं हलला. एक दाब, दुसरा दाब. "स्रग्धरा." हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. मीनलनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "ताई, मलासुद्धा इतकं सुंदर जमलं नसतं."

पेढे वाटायला सुरुवात झाली. आक्का जागची हलेना.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"माझा मार राहिला."

"आत्ताच दिला की!" बायका म्हणाल्या.

"तो भावाला दिला. त्यानं काय नाव ठेवलं? माझं मला द्या!"

मग तिला रीतसर धपाटे मिळाले. मोजून-मापून, प्रेमानं, कुणाला लागणार नाही असे. मी खुर्चीतून बघत होतो. माझ्या वाट्याला आलेल्यांत आणि यांत केवढा फरक!

याला आता काही वर्षं झाली. मुलगी बालवाडीत जाते. तिचं नाव नाशिक रोडला कुणाला म्हणता येत नाही, आणि सिन्नरला कुणी दुसरं काही म्हणत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिथं एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या गडबडीत मुलगी माझं बोट सोडून पळाली. मी मांडवभर शोधतोय, तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून आवाज आला, "स्रग्धरा नावाची मुलगी स्टेजजवळ रडत उभी आहे. तिच्या वडिलांनी ताबडतोब यावं."

मी धावलो. स्टेजपाशी पोचलो तर आम्ही बरेच वडील जमलो होतो! कुणाच्या हातात जिलबी, कुणाच्या हातात द्रोण. माइकवर नवरीचे मामा होते. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. मुलगी माझीच होती, पण ती डोळे चोळण्यात गुंग. बापाकडे बघायला तिला सवड नव्हती.

"तुम्ही कोण?" मामांनी मला विचारलं.

मी माझं संपूर्ण नाव सांगितलं. नाशिक रोडला राहतो, सांगितलं. ऑफिस सांगितलं. तरी त्यांचा चेहरा हलेना, म्हणून हेही सांगितलं की हे नाव मुळात मीच शोधून काढलेलं आहे.

"इथं समदेच तसं म्हणत्यात," मामा म्हणाले. "बाजूला उभं राहा."

तेवढ्यात पंगतीतून आक्काचा आवाज आला. "अवो, द्या त्याला पोरगी! माझा भाऊ हाय तो!"

मामांनी हात जोडले. "आक्कांचे भाऊ का तुम्ही? मंग आधी नाय का सांगायचं!" त्यांनी मुलीला माझ्या कडेवर दिलं आणि माइक तोंडाशी धरला.

"मंडळी, मुलीची सोय झालेली आहे. जमलेल्या सर्व वडिलांनी परत पंगतीत बसून घ्यावं. मुलगी तिच्या आत्याच्या भावाकडे दिलेली आहे."

मी मुलीला घेऊन पंगतीकडे निघालो. माहितीत चूक अशी काहीच नव्हती.